सोनोग्राफी-सीटीचे रिपोर्ट कॉम्प्युटरकडून लिहून घेताय का?

काळोखी_खोली

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय, तोही कामाचा.

मी रेडिओलॉजिस्ट. सेंटर तालुक्याच्या गावी. दोन सोनोग्राफी मशिनं, एक सीटी, एक डिजिटल एक्स-रे. आमच्या टायपिस्ट काकू मुलाकडे बंगळूरला कायमच्या चालल्यात. त्यांच्या जागी माणूस घ्यायचा की सॉफ्टवेअर, असा प्रश्न पडलाय.

ज्यांना हे काम आतून माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मी प्रोब फिरवता फिरवता बोलतो, काकू शेजारच्या टेबलावर टाइप करतात. म्हणजे सगळं टाइप करत नाहीत. डेस्कटॉपवर एक फोल्डर आहे, त्यात 'ॲबडोमेन नॉर्मल मेल', 'ॲबडोमेन नॉर्मल फीमेल', 'फॅटी लिव्हर ग्रेड १', 'केयूबी स्टोन' अशा वर्डच्या फाइली. मी म्हणतो, "नॉर्मल फीमेल काढा, फॅटी ग्रेड वन घाला, उजव्या किडनीत खालच्या कॅलिक्समध्ये सहा मिमीचा खडा." पेशंट जेल पुसून, कपडे सावरून बाहेर जाईपर्यंत रिपोर्ट प्रिंटरमधून बाहेर. महाराष्ट्रातली बरीच सेंटरं अशीच चालतात, कोणी कबूल करो न करो.

गेल्या महिन्यात तीन कंपन्यांची माणसं डेमो देऊन गेली. पहिल्याचं म्हणणं, तुम्ही बोला, आमचं सॉफ्टवेअर टाइप करेल. दुसऱ्याचं, बोलूच नका, नुसतं क्लिक करा. लिव्हर मोठं का, खडा कुठे, केवढा, सगळे पर्याय पडद्यावर, वाक्यं आपोआप तयार. तिसरा म्हणाला, तुम्ही फक्त फाइंडिंग्ज (काय काय दिसलं ते) सांगा, इम्प्रेशन (त्यावरून काढलेला निष्कर्ष) आमचा एआय लिहील, सही तेवढी तुमची. सही तेवढी माझी! हे तो इतक्या प्रेमाने बोलला की मी त्याच्यासाठी दुसरा चहा मागवला.

जे रोज वापरतात त्यांनी सांगा. वेळ खरंच वाचतो का? आपल्या उच्चारांवर चालतं का? आणि चुका कुठल्या प्रकारच्या होतात? शेवटचा प्रश्न मला जास्त सतावतोय. काकू टाइप करताना मधेच थांबतात आणि विचारतात, "डॉक्टर, मघाशी उजवी म्हणालात, आता डावी म्हणताय." हे काम करणारं कोणी मला एकाही डेमोत दिसलं नाही.

सोडा_हो

'प्लीज कोरिलेट क्लिनिकली' (म्हणजे पेशंटच्या तक्रारींशी ताडून बघा) हे वाक्य आपोआप येतं का तेवढं बघून घ्या. ते आलं की निम्मी रेडिओलॉजी झाली. हलके घ्या.

काळोखी_खोली

@सोडा_हो, ते प्रत्येक फाइलीच्या तळाशी आधीपासूनच आहे.

बाकरवडी_बिट्स

मी पुण्यात याच धंद्यात आहे. रेडिओलॉजी सेंटरसाठी सॉफ्टवेअर बनवतो (विकणारे वेगळे, त्यांच्या आश्वासनांना मी जबाबदार नाही). तेव्हा माझं मत त्या हिशेबाने घ्या.

सगळे आवाजापासून सुरुवात करतात. मी म्हणेन आवाजाचं सगळ्यात शेवटी बघा. आधी हे बघा की पेशंटचं नाव, वय, लिंग रिपोर्टमध्ये कोण टाइप करतं. काउंटरवर एकदा, मशिनवर दुसऱ्यांदा आणि वर्डमध्ये तिसऱ्यांदा होत असेल, तर शिंदेबाईंचा रिपोर्ट शेंडेबाईंच्या हातात जायची सोय तुम्हीच करून ठेवलीय. डायकॉममध्ये (मशिनं एकमेकांशी प्रतिमा आणि माहिती ज्या मानकाने बोलतात ते) वर्कलिस्ट म्हणून प्रकार असतो. काउंटरवर एकदा नोंद झाली की तीच मशिनच्या पडद्यावर येते, टेक्निशियनने फक्त नाव निवडायचं. पुढे तेच नाव फिल्मवर आणि तेच रिपोर्टवर. यात एआय वगैरे काही नाही, जुनीच गोष्ट आहे. तरी कितीतरी ठिकाणी मशिनमध्ये ही सोय असून केबलच जोडलेली नसते.

दुसरं, मोजमापं. प्रसूतीच्या सोनोग्राफीत तुम्ही बाळाच्या डोक्याचा व्यास, डोक्याचा घेर, पोटाचा घेर, मांडीच्या हाडाची लांबी मोजता. मशिन त्यावरून वजन काढतं, बहुतेक वेळा हॅडलॉकच्या सूत्राने. सूत्र १९८५ चं आहे, अजून तेच चालतं. म्हणजे आकडे मशिनमध्ये आहेतच. डायकॉम स्ट्रक्चर्ड रिपोर्ट २००० पासून मानकात आहे आणि त्यातून हे आकडे थेट रिपोर्टमध्ये उतरवता येतात. आपल्याकडे काय होतं? डॉक्टर पडद्यावरचा आकडा वाचतात, दुसरं कोणीतरी ऐकतं, टाइप करतं. ३४ चे ४३ तिथे होतात. मशिन घेताना हा पर्याय चालू करून मिळणार का, ते कोटेशनमध्ये लिहून घ्या. काही मॉडेलवर त्याचे वेगळे पैसे लावतात आणि नंतर मागायला गेलं की भाव चढलेला असतो.

तिसरं टेम्प्लेट. वर्डच्या फाइलीला पेशंट कोण आहे हे ठाऊक नसतं. टेम्प्लेटला असायला हवं. बाईच्या रिपोर्टमध्ये प्रोस्टेट येऊच नये. पित्ताशय काढल्याची नोंद असेल तर 'गॉलब्लॅडर नॉर्मल' हे वाक्य उडालं पाहिजे. तपासणी उजव्या गुडघ्याची आणि रिपोर्टमध्ये 'डावा' आलं, तर सही होण्याआधी अडवलं पाहिजे. यासाठी साध्या अटी लिहाव्या लागतात, बस्स. डेमोला आलेल्या माणसाला हे करून दाखवायला सांगा. किती जलद टाइप होतं ते बघू नका.

कीबोर्डवाली

टायपिस्ट काकूंच्या बाजूने बोलायला आले.

२००० च्या आगेमागे मी मुंबईत मेडिकल ट्रान्सक्रिप्शन करायचे. अमेरिकेतली डॉक्टरमंडळी फोनवर बोलून ठेवायची, आवाजाच्या फाइली आमच्याकडे यायच्या आणि तिथली सकाळ उजाडायच्या आत टाइप होऊन परत जायच्या. कानात हेडफोन, पायाखाली पेडल. पेडल दाबलं की आवाज सुरू, सोडलं की बंद, आणि पुन्हा दाबलं की दोन सेकंद मागून सुरू, म्हणजे निसटलेला शब्द परत कानावर येतो. पैसे ओळीवर. ओळ म्हणजे ६५ अक्षरं, मग तुमचा मजकूर कुठेही तुटो.

रेडिओलॉजी सगळ्यांनाच हवी असायची, कारण वाक्यं ठरलेली. फसगतही तिथेच. इलियम दोन आहेत. एक लहान आतड्याचा शेवटचा भाग, दुसरं कमरेचं हाड. इंग्रजीत एका अक्षराचा फरक, कानाला काहीच नाही. पेरिटोनियल, पेरिनियल, पेरोनियल हे तिघे असेच: पोटातला पडदा, दोन मांड्यांमधला भाग आणि पायाच्या बाहेरच्या बाजूची नस. डॉक्टर सँडविच खात बोलत असले की तिघेही सारखे. आम्ही आगचंमागचं बघायचो. गुडघ्याचा एमआरआय चाललाय, म्हणजे पेरोनियल. तरी कळलं नाही तर अंदाज लावायला सक्त मनाई. तिथे रिकामी जागा सोडायची, ऑडिओची मिनिटं-सेकंद लिहायची आणि वरच्या तपासनिसाकडे पाठवायचं. त्यांनाही नाही कळलं तर ती जागा तशीच रिकामी डॉक्टरकडे जायची.

रिकामी जागा सोडणं हा आमच्या कामाचाच भाग होता. आवाज ऐकून लिहिणारं सॉफ्टवेअर बहुधा रिकामी जागा सोडत नाही. कळलं नाही तरी काहीतरी शब्द बसवतं, आणि तो शब्द स्पेलिंगला अगदी चोख असतो, त्यामुळे खाली लाल रेघही येत नाही.

पुढे आमच्याकडेही सॉफ्टवेअर आलं. ते आधी टाइप करणार, आम्ही ऐकत ऐकत सुधारणार. आमचं पदनाम 'एडिटर' झालं आणि ओळीचा दर खाली आला. मग मी ते सोडलंच. काकूंना ठेवता येत नसेल तर दुसरी काकू शोधा, एवढंच सांगते.

चार्ल्स_नदीकाठी

बॉस्टनहून लिहितोय. आमच्या विभागात टायपिस्ट कोणीच उरलेलं नाही. हातात माइक, समोर पडद्यांची रांग, बोललेलं तिथल्या तिथे उमटतं, वाचायचं आणि सही करायची. उच्चारांचं विचारलंत: माझं इंग्रजी अजून बऱ्यापैकी सातारी आहे आणि त्याला समजतं. तो प्रश्न आता फारसा राहिलेला नाही.

वेळेचं म्हणाल तर कोणाचा वेळ, ते आधी ठरवा. रिपोर्ट वॉर्डात पोचायला पूर्वी दिवस जायचा, आता मिनिटं. ही फार मोठी गोष्ट आहे, तिची टिंगल नको. पण टायपिस्टचं काम संपलेलं नाही, ते माझ्या डोक्यावर आलंय. फिल्मवरची नजर काढून मी मजकूर दुरुस्त करत बसतो, आणि आपणच बोललेलं असल्यामुळे डोळा चुकीवरून सरळ घसरत जातो.

@कीबोर्डवाली यांचं म्हणणं आकड्यांतही दिसतं. टोरोंटोच्या एका गटाने २०११ मध्ये स्तनाच्या तपासण्यांचे सहाशेच्या वर रिपोर्ट तपासले. साधारण निम्मे आवाज ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरने लिहिलेले, निम्मे टायपिस्टने. निदान एक मोठी चूक असलेले रिपोर्ट सॉफ्टवेअरचे २३ टक्के निघाले, टायपिस्टचे ४ टक्के. सॉफ्टवेअर तेव्हापासून खूप सुधारलंय, आजही तेच आकडे येतील असं मी म्हणणार नाही. चुकांची जात मात्र तीच आहे. नकार गळतो. 'नो न्यूमोथोरॅक्स'चं (फुप्फुसाबाहेर हवा साठलेली नाही) 'नाउ न्यूमोथोरॅक्स' झालं की इकडे कोणीतरी छातीत नळी घालायच्या तयारीला लागतं.

दुसऱ्या डेमोबद्दल. रिपोर्ट एका साच्यात लिहा ही मागणी फार जुनी आहे. मिशिगनचे प्रेस्टन हिकी यांनी १९२२ मध्येच एक्स-रे रिपोर्टच्या प्रमाणीकरणावर लेख लिहिला होता. इतक्या वर्षांत साचा खऱ्या अर्थाने रुजला तो मॅमोग्राफीत, म्हणजे स्तनांच्या एक्स-रे तपासणीत. अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीने १९९३ मध्ये बायरॅड्स आणलं; आज त्यात शून्य ते सहा असे वर्ग आहेत. तीन म्हणजे कर्करोगाची शक्यता २ टक्क्यांच्या आत, सहा महिन्यांनी पुन्हा बघा. पाच म्हणजे ९५ टक्के किंवा त्याहून जास्त. आकडा दिला की पुढे काय करायचं ते बांधलेलं असतं, म्हणून तिथे क्लिक करून लिहिणं शोभतं. पोटदुखीच्या सीटीत काय सापडेल ते आधी कोणी सांगावं? तिथे मेन्यू उघडत बसलं की नजर चित्रावर कमी आणि मेन्यूवर जास्त राहते.

आता तुमचा तिसरा पाहुणा. छातीचा एक्स-रे बघून आख्खा रिपोर्ट लिहिणारी अनेक मॉडेल्स आमच्याच शहरातल्या एका हॉस्पिटलच्या डेटावर शिकलीत. मिमिक-सीएक्सआर नावाचा हा साठा २०१९ मध्ये संशोधकांना खुला झाला. ३,७७,११० प्रतिमा, सोबत डॉक्टरांनी लिहिलेले खरे रिपोर्ट. हॉस्पिटलातल्या पेशंटचे एक्स-रे पुन्हा पुन्हा निघतात, त्यामुळे रिपोर्टात 'मागच्या फिल्मच्या तुलनेत बदल नाही' हे जागोजागी येतं. मॉडेलने ते वाक्यही उचललं. मग आयुष्यात पहिल्यांदा एक्स-रे काढलेल्या माणसालाही ते खुशाल सांगतं की मागच्या वेळेसारखंच आहे. २०२२ मध्ये एका गटाने असली वाक्यं वेचून काढून मॉडेलला नव्याने शिकवायचा खटाटोप केला.

'सही तेवढी तुमची' यावरही प्रयोग झालाय. जर्मनीत कोलोनच्या संशोधकांनी २७ रेडिओलॉजिस्टना मॅमोग्राम दाखवले आणि शेजारी एआयने दिलेला म्हणून बायरॅड्सचा आकडा. काही ठिकाणी तो मुद्दाम चुकीचा. आकडा बरोबर असताना मुरलेल्या मंडळींची उत्तरं सुमारे ८२ टक्के बरोबर, चुकीचा असताना सुमारे ४५. नवखे तर ८० वरून २० वर आले. हे २०२३ मध्ये छापून आलं. तेव्हा 'मी वाचूनच सही करीन' यावर फार विसंबू नका.

काळोखी_खोली

@चार्ल्स_नदीकाठी, सविस्तर उत्तराबद्दल आभार. माझ्याकडे अजून एक भानगड आहे जी बॉस्टनला नाही. पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंगनिदानाला बंदी घालणारा कायदा.

गरोदर बाईची सोनोग्राफी म्हटली की एफ फॉर्म, म्हणजे कायद्याने भरायचा नोंदीचा कागद, आला. शिवाय प्रत्येक रिपोर्टवर 'गर्भाचं लिंग पाहिलेलं नाही आणि कोणाला सांगितलेलं नाही' हे डॉक्टरचं प्रतिज्ञापन हवंच. कायद्याच्या कलम ४(३) प्रमाणे नोंदीत काही उणं किंवा चुकीचं सापडलं तर तो कलम ५ किंवा ६ चाच (संमती आणि लिंगनिदानबंदीच्या कलमांचा) भंग धरतात; तसं नव्हतं हे डॉक्टरने सिद्ध करायचं. म्हणजे गरोदर पेशंटच्या कागदावर टायपिंगची चूक ही माझ्यासाठी नुसती टायपिंगची चूक नसते.

मी तिघांनाही विचारलं, एफ फॉर्म आणि रिपोर्ट यांतलं नाव, वय, पाळीची तारीख जुळते का हे तुमचं सॉफ्टवेअर तपासेल का? क्लिकवाला म्हणाला, पुढच्या व्हर्जनमध्ये. आवाजवाल्याने एफ फॉर्म म्हणजे काय असं विचारलं. एआयवाला म्हणाला, "शक्य आहे सर, सगळं शक्य आहे."

सोडा_हो

तिसऱ्याला तिसरा चहा पाजा.

हाडांचा_डॉक्टर

तुम्ही सगळे लिहिणाऱ्यांच्या बाजूने बोलताय. वाचणाऱ्याचं कोणी ऐकायचं?

मी ऑर्थो, नाशिक. रिपोर्ट मी तळापासून वर वाचतो. आधी इम्प्रेशन, मग शंका आली तर वरचं. टेम्प्लेटं आल्यापासून कमरेच्या एमआरआयचा रिपोर्ट भलताच लांबलाय. पाच डिस्क (मणक्यांमधल्या गाद्या), पाच परिच्छेद, प्रत्येकात तीच वाक्यरचना, फक्त 'एल ३-४' च्या जागी 'एल ४-५'. ज्या नसेवर खरा दाब आहे ती चौथ्या परिच्छेदात, 'माइल्ड' आणि 'मिनिमल' यांच्या गर्दीत. पेशंट घाबरतो तो वेगळाच. "डॉक्टर, माझ्या पाचही गाद्या सरकल्यात!"

वास्तविक काहीही दुखत नसलेल्या माणसांचे एमआरआय काढले तरी डिस्क बल्ज (गादी बाहेर फुगलेली) दिसतो. २०१५ मध्ये अशा अभ्यासांचा एकत्र आढावा निघाला होता. विशीतल्या ३० टक्के लोकांत बल्ज, ऐंशीतल्या ८४ टक्क्यांत. डिस्कची झीज तर ऐंशीतल्या ९६ टक्क्यांत, म्हणजे जवळपास सगळ्यांत, आणि त्यांना काही होत नाहीये.

याच आकड्यांसारखी माहिती रिपोर्टच्या तळाशी आपोआप छापायचा प्रयोग अमेरिकेत झाला, अडीच लाख पेशंटांवर. २०२० मध्ये निकाल आला. पाठीवरच्या एकूण उपचारांत घट झाली नाही, पण अफूजन्य वेदनाशामकं लिहून देण्याचं प्रमाण किंचित कमी झालं. किंचितच, पण एका परिच्छेदाने! आणि तो परिच्छेद कोणालाही टाइप करावा लागला नाही. मला कॉम्प्युटरचा असा उपयोग आवडेल. त्यापुढे टाइप कोण करतं याच्याशी मला देणंघेणं नाही.

घाबरट_मावशी

मी डॉक्टर नाही, पेशंट आहे. सेंटरवाले रिपोर्ट व्हॉट्सॲपवर पाठवतात, डॉक्टरांची वेळ मिळते चार दिवसांनी. मधले चार दिवस आम्ही काय करायचं? माझ्या रिपोर्टमध्ये 'हेटरोजीनियस एकोटेक्श्चर' असं होतं. शोधलं तर काय काय निघालं ते सांगत नाही. डॉक्टर म्हणाले, फॅटी लिव्हर, भात कमी करा आणि चाला.

कॉम्प्युटर एवढं सगळं लिहितो तर खाली मराठीत दोन ओळी लिहायला काय हरकत आहे?

चार्ल्स_नदीकाठी

@घाबरट_मावशी, इथे २०२१ पासून कायद्यानेच रिपोर्ट पेशंटला लगेच खुला होतो, बरेचदा डॉक्टरच्याही आधी. त्यामुळे साध्या भाषेत सारांश लिहून देणारी सॉफ्टवेअरं इथे आता पुढे येतायत. अडचण अशी की सारांश सोपा करताना 'शक्यता आहे'चं 'आहे' होतं किंवा 'नाही' होतं. फॅटी लिव्हरला चालून जाईल. फुप्फुसातल्या गाठीला नाही.

काळोखी_खोली

मावशी, तुमची मागणी रास्त आहे. नॉर्मल रिपोर्ट आणि फॅटी लिव्हर, किडनीतला बारीक खडा अशा रोजच्या गोष्टींसाठी ठरलेल्या मराठी ओळी मी स्वतः लिहून ठेवू शकतो. त्यापलीकडे काही सापडलं तर तुम्हाला समोर बसवून बोलेन. ते यंत्रावर सोडणार नाही.

दुसरं_वर्ष

सरकारी मेडिकल कॉलेजात रेडिओलॉजीचा रेसिडेंट, म्हणजे शिकाऊ डॉक्टर. नाव-गाव विचारू नका.

आमच्याकडे कसलंच सॉफ्टवेअर नाही, पण खिशात मोबाइल आहे. त्यामुळे रात्री फाइंडिंग्ज फुकटच्या चॅटबॉटमध्ये टाकून इम्प्रेशन काढून घेणारे बरेच. भाषा झकास येते, सर खूश. माझी अडचण निराळी. इम्प्रेशन लिहितानाच आपल्याला कळतं की आपण नक्की काय पाहिलं. तेच दुसऱ्याने लिहिलं तर व्हायव्हाला (तोंडी परीक्षेला) काय बोलायचं?

चार्ल्स काकांच्या मेन्यूच्या मुद्द्याला पुष्टी: २००९ चा एक अभ्यास वाचला होता, रेसिडेंटांनी पक्षाघाताच्या संशयातले मेंदूचे एमआरआय आधी नेहमीसारखे बोलून लिहिले, मग काहींना क्लिकचं सॉफ्टवेअर दिलं. क्लिकवाल्यांच्या रिपोर्टची अचूकता आणि पूर्णता दोन्ही घसरली. सगळ्यांना उलट वाटत होतं.

बाकरवडी_बिट्स

@दुसरं_वर्ष, मित्रांना सांगा की पेशंटची माहिती फुकटच्या चॅटबॉटमध्ये टाकणं महागात पडेल. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा आहे, आणि तो नसता तरी हे गैरच. 'आम्ही नाव काढून टाकतो' असं म्हणतील. सोनोग्राफीच्या प्रतिमेवर नाव वरच्या कोपऱ्यात चित्रातच उमटलेलं असतं, हेडर (फाइलीतली नाव-वयाची नोंद) पुसून ते जात नाही. स्क्रीनशॉट टाकला की नावासकट गेला.

आणि @कीबोर्डवाली, तुमच्याबद्दल आदर आहे, पण काकूंचं एवढं कौतुकही नको. मी सेंटरांमध्ये बसून बघितलंय. नॉर्मल फाइल उघडायचा कंटाळा म्हणून मागच्या पेशंटच्या रिपोर्टवर 'सेव्ह ॲज' मारतात. मागच्या बाईची ओव्हरीतली गाठ पुढच्या बाईच्या पोटात जाते. ही चूक माणसाचीच.

कीबोर्डवाली

@बाकरवडी_बिट्स, होतं तसं, नाही म्हणत नाही. पण 'सेव्ह ॲज' मारायची वेळ का येते? एका माणसावर दिवसाला किती रिपोर्ट टाकता, तेही बघा की.

काळोखी_खोली

मंडळी, तुमच्या चर्चेवरून एक उद्योग केला. एक खोटं डिक्टेशन रेकॉर्ड केलं आणि काकूंना व तिन्ही कंपन्यांना तेच दिलं. काकूंना सांगितलं नव्हतं, त्यांच्यापुढे नेहमीच्या कामात सरकवलं. बाई बावन्न वर्षांची, गर्भाशय काढलेलं. त्यात मुद्दाम तीन खुट्ट्या मारल्या. फाइंडिंग्जमध्ये उजव्या किडनीत खडा, इम्प्रेशनमध्ये डाव्या. खडा सहा 'सेंटिमीटर'चा. आणि शेवटी "बाकी नॉर्मल फीमेल", म्हणजे गर्भाशयाच्या जागी 'युटेरस नॉर्मल' येणार.

आवाजवाल्याने तिन्ही गोष्टी जशाच्या तशा टाइप केल्या. स्वल्पविरामासकट. त्याला दोष देता येत नाही, तो तेवढंच कबूल करून गेला होता.

क्लिकवाल्याचं सॉफ्टवेअर खड्याच्या मापाला अडलं. 'सहा सेंटिमीटर, खात्री आहे का?' असं विचारलं. बाजूचा घोटाळा त्यात होऊच शकला नाही, कारण इम्प्रेशन फाइंडिंग्जवरून आपोआप बनतं. गर्भाशय मात्र नॉर्मल छापलं.

एआयवाल्याने गर्भाशय बरोबर वगळलं, 'शस्त्रक्रियेने काढलेले' असंही लिहिलं. मी खूश होत होतो. मग बघितलं तर इम्प्रेशनमध्ये 'उजव्या किडनीत खडा'. मी डावी म्हणालो होतो. त्याने विसंगती ओळखली आणि न विचारता, न सांगता एक बाजू ठरवून टाकली. वर भाषा अशी की वाचणाऱ्याला कधी पत्ताच लागू नये. माप सेंटिमीटरच ठेवलं.

आता काकू. बाजू विचारली. गर्भाशयाचं विचारलं. आणि सेंटिमीटरचं सरळ मिलिमीटर करून टाकलं, तेही न विचारता! मी म्हटलं, अहो, हे का बदललंत? तर म्हणाल्या, "सहा सेंटिमीटरचा असता तर तुम्ही ओरडून सांगितलं असतं."

हाडांचा_डॉक्टर

काकूंना नोकरी द्या. अरे हो, आहेच.

बाकरवडी_बिट्स

हा प्रयोग प्रत्येक सेंटरने खरेदीआधी करावा. एआयवाल्याला विचारा की विसंगती सापडली तर ती दुरुस्त न करता पिवळी करून दाखवायची सोय आहे का. बरेचदा असते, डेमोत बंद ठेवतात कारण सारखं अडलं की दिसायला बरं दिसत नाही. मूळ बोललेलं आणि त्याने लिहिलेलं शेजारी शेजारी ठेवून फरक दाखवता येतो का, तेही बघा. क्लिकवाल्याकडून गर्भाशय-पित्ताशयाच्या अटी करारातच लिहून घ्या, 'पुढच्या व्हर्जनमध्ये' नको. शिवाय उद्या कंपनी बंद पडली तर तुमचे जुने रिपोर्ट कुठल्या स्वरूपात परत मिळतील, हे पहिल्याच दिवशी.

काळोखी_खोली

सध्या ठरवलंय ते असं. वर्कलिस्टची केबल या आठवड्यात जोडून घेतोय, त्याला सॉफ्टवेअर बदलायची गरजच नव्हती. प्रसूतीच्या सोनोग्राफीसाठी क्लिकवाला, कारण तिथे आकडे आणि एफ फॉर्म. पोटाची सोनोग्राफी आणि सीटी मी बोलणार आणि माणूस टाइप करणार. माणूस शोधतोय. कोणाच्या माहितीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, वैद्यकीय टायपिंगचा अनुभव हवा, प्रश्न विचारायची सवय असेल तर पगार जास्त.

सोडा_हो

काकूंनाच विचारा की, बंगळूरहून करतील का.

काळोखी_खोली

विचारलं. नातवाची शाळा सांभाळून सकाळी दहा ते एक जमेल म्हणाल्या. दुपारची आणि इमर्जन्सीची सोय वेगळी करावी लागेल.

बाकरवडी_बिट्स

मग त्यांच्या लॅपटॉपवर व्हीपीएन (सुरक्षित जोडणी) टाकून द्या आणि पेडल घेऊन द्या. व्हॉट्सॲपवर ऑडिओ पाठवायला सुरुवात करू नका, हात जोडतो.